चारचौघांत कच्चं दिसायची तयारी कशी करायची?

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. प्रश्न पोहण्याचा आहे, आणि तसा नाहीही.

आमच्या जवळच्या तलावावर मोठ्या माणसांसाठी सकाळची शिकाऊ बॅच सुरू होतेय. माझी चाळिशी कधीच उलटलीय. सगळा जन्म सांगलीत गेला, नदी हाकेच्या अंतरावर, आणि पाणी छातीच्या वर आलं की हातपाय गार पडतात. २०१९ च्या पुरात आम्हाला पहिल्या मजल्यावरून बोटीत उतरवलं, तेव्हा ठरवलं होतं की आता शिकायचंच. ते ठरवणं तसंच राहिलं.

आता अडतंय कुठे, याचा जरा शोध घेतला. पाण्याची भीती आहेच, पण ती पुढची गोष्ट. खरी पंचाईत अशी की ऑफिसात मी 'मॅडमना विचारा' मधली मॅडम आहे. हिशेब जुळेना, जीएसटीचं विवरणपत्र अडलं, की सगळे माझ्या टेबलाशी. तीच मॅडम कठड्याला धरून खोकतेय, नाकातून पाणी गळतंय आणि शेजारी मुलाच्या वर्गातली पोरं सूर मारतायत, हे डोळ्यापुढे आलं की फॉर्म परत पर्समध्ये जातो.

चौकट मोडा, धाडस करा, असं सांगणारे ढिगाने आहेत. धाडस मी करेनही. पण ओळखीच्या माणसांसमोर कच्चं दिसायचं कसं, ते कुणी सांगत नाही. तुमच्यापैकी कुणी मोठ्या वयात असं काही शिकलंय का? सुविचार नकोत, अनुभव हवेत.

भडंगप्रेमी
तलावच बरा ताई. नदीत शिकायला गेलात तर भिलवडी-औदुंबरकडची मगर परीक्षक म्हणून बसलेली असायची. (हलके घ्या.)

मुटकासम्राट
यात विचार कसला करायचा? आम्हाला काकाने पाठीला तेलाचा रिकामा डबा सुतळीने बांधला आणि विहिरीत ढकलून दिलं. वर आलो तेव्हा पोहत होतो. पुढच्या उन्हाळ्यात डबा सोडला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात धावेवरून मुटके, म्हणजे गुडघे पोटाशी घेऊन उड्या. उगाच मानसशास्त्र लावून गोष्ट अवघड करू नका. पाण्यात पडा, येतंय आपोआप.

खडूस_गुरुजी
वेगळं मत मांडतो, राग नसावा. हे चौकटीबाहेर पडण्याचं खूळ कंपन्यांच्या शिबिरांतून आलंय. नोकरदारांना हॉटेलात नेतात, निखाऱ्यांवरून चालवतात, एकमेकांना मिठ्या मारायला लावतात आणि सोमवारी तेच टार्गेट पुढ्यात ठेवतात. आमच्या पिढीने खस्ता खाऊन जरा टेकायला जागा मिळवली. ती उठून का सोडायची? पोहता येत नसेल तर काठावर बसून नदी बघावी. कराडला प्रीतिसंगमावर मी रोज संध्याकाळी तेच करतो. अत्यंत सुखी आहे.

भडंगप्रेमी
गुरुजी, काठावर बसायचं वर्गणीसकट शिबिर काढा. पहिला फॉर्म माझा.

पाण्यातली_बाई
धागा माझ्याच गल्लीतला निघाला. मी तलावावर शिकवते, आणि मोठ्यांचीच बॅच जास्त घेते.

मुटकासम्राट, विहिरीत ढकललेल्यांपैकी जे पोहू लागले तेच आज किस्से सांगतात. ज्यांनी त्या दिवसापासून पाण्याचं नाव टाकलं ते गप्प बसतात, आणि चाळिशीनंतर माझ्याकडे येतात. आल्यावर पहिलं वाक्य हमखास "लहानपणी मामाने ढकललं होतं."

आता जरा पाण्याबद्दल. छाती हवेने भरलेली असली की बहुतेकांचं शरीर पाण्यापेक्षा किंचित हलकं भरतं. म्हणजे तरंगण्यासाठी करायचं फारसं काही नसतं. घोळ करतं ते डोकं. घाबरून मान वर काढली की डोक्याचा भार पाण्याबाहेर येतो, कंबर आणि पाय खाली जातात. पाय खाली गेले की भीती वाढते, मान आणखी वर. माणूस हे चक्र स्वतःच फिरवत असतो आणि पाण्याला नावं ठेवतो. म्हणून आमच्याकडे सुरुवातीला नुसते बुडबुडे. तोंड पाण्यात घालायचं आणि श्वास सोडायचा. पोरांना तो खेळ वाटतो. मोठी माणसं श्वास धरून बसतात, गाल फुगलेले, डोळे मिटलेले.

मग पाठीवर तरंगणं. मी डोक्यामागे तळवा धरते. मानेच्या शिरा दोरखंडासारख्या ताठ लागतात हाताला. "मान सोडा" म्हटलं की "सोडलीय की" असं उत्तर येतं. सोडलेली नसतेच. कधीतरी ती खरीच सुटते. तेव्हा डोकं एकदम तळव्यात जड होतं, कान पाण्याखाली जातात आणि पाय आपसूक वर येतात. मग मी तळवा काढून नुसती दोन बोटं ठेवते. त्यांना पत्ताही नसतो.

माझं निरीक्षण सांगते, पटलं तर घ्या. मान सगळ्यात उशिरा सुटते ती हुद्द्यावरच्या माणसांची. साहेब, हेडमास्तर, फौजदार. दिवसभर सगळं आपल्याच हातात ठेवायची सवय झालेली, ती दुसऱ्याच्या तळव्यावर डोकं टाकू देत नाही. कृष्णाकाठची, तुमची 'मॅडम' पाण्यात तुमच्या आधी उतरणार बघा.

कृष्णाकाठची
बाई, "सोडलीय की" हे तर मी न जाताच म्हणून मोकळी झाले!

प्राजक्ता_इस्लामपूर
मी मानसशास्त्र शिकवते, म्हणून एक प्रयोग सांगते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना एका गायकाचं मोठं चित्र असलेला टीशर्ट घालायला लावला. गायक असा निवडला की त्या वयाच्या मुलांना लाज वाटावी. मग त्यांना भरल्या खोलीत पाठवलं. बाहेर आल्यावर विचारलं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? त्यांचा अंदाज साधारण निम्म्या लोकांचा होता. प्रत्यक्षात चित्रात कोण आहे ते ओळखणारे जेमतेम चौथा हिस्सा निघाले. हा अभ्यास २००० साली छापून आला. आपण समजतो तितकं आपल्याकडे कुणी बघत नसतं.

गल्लीबोळ
प्राजक्ताताई, ते कॉर्नेल झालं. आमच्या गल्लीत टीशर्ट कुठल्या दुकानातला, सेलमधला की कसा आणि सकाळी इस्त्री का केली नाही, एवढं संध्याकाळपर्यंत दूधवाल्यालाही ठाऊक असतं.

प्राजक्ता_इस्लामपूर
:) मान्य. तो प्रयोग अनोळखी खोलीतला आहे आणि धागाकर्तीचा प्रश्न ओळखीच्यांचा, हा फरक मोठाच. ओळखीचे बघतात. पण त्यांना दुसऱ्या दिवशी नवा विषय लागतो, एवढंच म्हणेन.

मुटकासम्राट यांच्यासाठीही एक गोष्ट आहे. यर्क्स आणि डॉडसन या दोघांनी १९०८ साली उंदरांवर प्रयोग केले. उंदरांना फरक ओळखायला शिकवायचं आणि चुकलं की विजेचा झटका. फरक सहज दिसण्यासारखा असेल तर जोरदार झटक्याने उंदीर लवकर शिकत. फरक बारीक असेल तेव्हा जोरदार झटका दिलेले उंदीर मध्यम झटक्यावाल्यांच्या मागे पडत. विहीर म्हणजे मोठा झटका. काहींना चालतो. अवघड कामात बहुतेकांना चालत नाही.

मुटकासम्राट
म्हणजे आम्ही उंदीर. बरं.

तासगावचा_बागवान
राम राम. धागा वाचतोय. ताई, तुमचं चौकटीबाहेर जाणं हौसेचं हाय, आमचं मुक्कामालाच बाहेर. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी घेतली, बाग फुलोऱ्यात आली आन् तवाच आभाळ भरून आलं, की दावण्या रोगाच्या भीतीनं रात्रीअपरात्री फवारणीचा ट्रॅक्टर काढावा लागतो. घडकूज सुरू झाली तर बघत बसायचं. आम्हाला कुणी सांगू नये की असुरक्षिततेला मिठी मारा. तीच आम्हाला मारून बसलीय.

पण ताईंचा सवाल वेगळा हाय, तो कळला. आमच्याकडं चर्चासत्रं व्हत्यात. सगळे बागायतदार बसत्यात. जो तो उठून सांगतो, एकरी एवढे टन, अमुक औषध, तमुक संजीवक. बाग गेलेला माणूस मागच्या खुर्चीत मोबाईल बघत बसतो. एका वर्षी एकजण उठला आन् म्हणला, माझी बाग पूर्ण गेली, काय चुकलं ते मलाच कळंना, आता मी तारखा वाचून दावतो. खिशातनं वही काढली. छाटणी कवा, पाऊस कवा, कुठली फवारणी किती उशिरा, सगळं वाचलं. पैल्यांदा हॉलमधी कुजबूज. मग एक म्हातारा उठला, म्हणला, थांब, ती चौथी फवारणी परत वाच. त्या दिवशी जेवढी माहिती मिळाली तेवढी टनावाल्यांकडनं कधी मिळाली न्हाई. आम्ही चारजणांनी तिथंच आपल्या वह्या जुळवून बघितल्या.

अडत_दुकान
बागवानदादा, ऐकायला छान आहे. पण त्या हॉलमध्ये एखादा व्यापारी बसला असता तर? दुसऱ्या दिवशी त्या माणसाच्या बेदाण्याला काय भाव फुटला असता? मी हळदीच्या बाजारात आहे. आमच्याकडे पडतीची कुणकुण लागली की देणेकरी गायब आणि घेणेकरी दारात. हरिपूरला पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं होती तेव्हा जुने लोक म्हणायचे, पेव एकदा उघडलं की सगळा माल काढावा लागतो, थोडा काढून झाकता येत नाही. माणसाचंही तेच. मोकळं व्हा, मोकळं व्हा म्हणणाऱ्यांनी बाजारात एक दिवस बसून दाखवावं.

तासगावचा_बागवान
पटलं. म्हणूनच तो चर्चासत्रात बोलला, सौद्याला न्हाई बोलला. एवढी अक्कल बागायतदाराला असती.

प्राजक्ता_इस्लामपूर
या दोन प्रतिसादांवर अख्खं व्याख्यान होईल. 'मोकळं व्हावं का' असा प्रश्न नसतोच. कुणापुढे, हा असतो.

माणदेशी_लेक
बराच वेळ नुसती वाचत होते. आमच्या म्हसवडची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवेना.

माण तालुका म्हणजे सातारा जिल्ह्याचा कोरडा भाग. तिथे १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. चेतना सिन्हा यांच्यासोबत गावातल्या बायकाच पुढे होत्या. त्याआधी रिझर्व्ह बँकेने त्यांचा परवान्याचा अर्ज परत पाठवला होता, कारण बऱ्याच प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. कागदावर अंगठे होते. बायका निराश झाल्या, मग म्हणाल्या, आम्हाला शिकवा. दिवसभराचं काम उरकून अक्षरं गिरवायला बसायच्या. काही महिन्यांनी पुन्हा गेल्या तेव्हा अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कुठलीही रक्कम सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटर न घेता काढायला सांगा. परवाना मिळाला.

लोक ही गोष्ट सांगताना तोंडी व्याजावर टाळ्या घेतात. मला त्याच्या आधीचा भाग जास्त अवघड वाटतो. सुना-नातवंडं असलेल्या बाईने रात्री पाटी घेऊन बसायचं, तेही आजूबाजूच्या पोरासोरांना दिसेल असं. आमच्या आळीतल्या एक आजी पाटी पदराखाली धरून जायच्या. नातू मागून ओरडायचा, आजी, दप्तर राहिलं! त्या वळून त्याला शिवी हासडायच्या आणि पुढे चालायला लागायच्या.

भडंगप्रेमी
शिवी कुठली ते लिहा, आम्हालाही उपयोगी पडेल.

माणदेशी_लेक
माणदेशी शिवी इथे संपादक ठेवणार नाहीत.

कंदीपेढा
साताऱ्यातून हजेरी. आमच्याकडे २०१२ पासून हिल मॅरेथॉन होते, यवतेश्वरच्या घाटातली, एकवीस किलोमीटरची. शहरात निम्मी जनता धावते आणि उरलेली टाळ्या वाजवते, त्यामुळे इथे धावणं हे काही चौकटीबाहेरचं राहिलेलं नाही. शेवटून पहिलं येणं मात्र आहे. मी त्यातला तज्ज्ञ.

पुढच्यांना ढोल-ताशा मिळतो. आम्ही पोहोचतो तेव्हा ढोलवाले वडापाव खात असतात. पाण्याच्या टेबलावरचा पोरगा टेबल घडी करत असतो, आपल्याला बघून पुन्हा उलगडतो, आणि ते उलगडणं सगळ्यात जिव्हारी लागतं. पाठीमागे रुग्णवाहिका चालण्याच्या वेगाने. ड्रायव्हर काच खाली करून विचारतो, "साहेब, बसताय का?" प्रेमाने विचारतो, तेच वाईट.

ताई, तुम्हाला उपाय हवा असेल तर हा घ्या. माझ्या मागेपुढे अजून दोघं असेच आहेत, एक दंतवैद्य आणि एक निवृत्त एसटी वाहक. दरवर्षी आम्ही मागे भेटतो. आता ड्रायव्हरने काच खाली केली की वाहकच त्याला म्हणतात, "पुढे सरका, मागून गाडी रिकामी आहे." एकट्याला जी लाज वाटायची ती तिघांत वाटत नाही. का, ते विचारू नका.

खडूस_गुरुजी
सगळे प्रतिसाद वाचले. माझं पहिलं मत बदललेलं नाही, निखाऱ्यांवरून चालणं हे खूळच आहे. पण विषय सांगलीचा निघालाय आणि नाटकाचं कुणी नाव काढलं नाही, हे बरं नव्हे.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' उभं केलं. त्या ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो. कर्नाटकातून भागवत मंडळी आली होती, त्यांचे खेळ पाहून सांगलीचे राजे चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन यांना वाटलं की असं काही मराठीत व्हावं, आणि काम तरुण भाव्यांवर सोपवलं. आता विचार करा, समोर मराठी नमुना नाही. चुकलं की बरोबर, हे ठरवायला मोजपट्टीही नाही. आणि पहिला प्रेक्षक कोण, तर खुद्द राजा.

या गोष्टीतून लोक भाव्यांचं धाडस उचलतात. मी आप्पासाहेबांचा आश्रय उचलतो. हसं झालं असतं तरी पाठीशी संस्थानचा धनी होता. पुढे आप्पासाहेब गेले तेव्हा भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावं लागलं. तेव्हा कच्चं दिसायला जायचं तर आधी पाठीशी कोण आहे ते बघावं. त्या तलावावरच्या बाईंचा तळवा, बागवानांच्या हॉलमधला तो म्हातारा, पेढेवाल्यांचे वाहक, सगळीकडे तेच दिसतंय मला. बाकी मी प्रीतिसंगमावरच बरा.

मुटकासम्राट
गुरुजी, काकाने मला ढकललं तेव्हा तो स्वतः आधीच विहिरीत उतरून उभा होता, हे मगाशी लिहायचं राहिलं.

पाण्यातली_बाई
मग तेच आधी लिहायचं ना भाऊ!

अडत_दुकान
माझा मुद्दा मात्र तसाच आहे. पाठीशी राजा नसणाऱ्यांनी काय करायचं? ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटून माणसं बुडाली ती २०१९ च्याच पुरात. त्यानंतर कित्येकांनी बोटीत पाय ठेवायला नकार दिला, आणि त्यांना भित्रे म्हणायची माझी तरी हिंमत नाही. काही भीती बरोबर असते.

प्राजक्ता_इस्लामपूर
अडत_दुकान, याबाबत १००% सहमत. जीव जाईल ही भीती आणि हसं होईल ही भीती, अंगात दोन्ही सारख्याच जाणवतात. धडधड तीच, घाम तोच. त्यामुळे आपण दुसरीला पहिलीचा मान देऊन बसतो. पुराच्या पाण्यात न उतरणं शहाणपण आहे. जीवरक्षक असलेल्या, कमरेएवढ्या पाण्यात न उतरणं हा निराळा मामला.

कृष्णाकाठची
सगळ्यांना एकत्र उत्तर देते. सुविचार नकोत म्हटलं होतं, तरी गुरुजींनी एक दिलाच, पण चालेल.

ऑफिसातल्या शिपाईमामांना आज सहज विचारलं, तुम्हाला पोहता येतं का. म्हणाले, नाही, पण तुम्ही जाणार असाल तर माझ्या बायकोलाही यायचंय, एकटी जायला लाजते. म्हणजे दोघी झालो. आता व्यावहारिक शंका. पाण्यातली_बाई, पोरांची आणि मोठ्यांची वेळ वेगळी असते का? पोशाख कुठला? अंगभर चालतो का? आणि नाकात पाणी जातं त्याचं काय?

पाण्यातली_बाई
वेळ वेगळी असते, पण पोरं आधीच्या बॅचची रेंगाळतात, ते गृहीत धरा. पोशाख गुडघ्यापर्यंतचा, पूर्ण बाह्यांचा मिळतो, नायलॉनचा घ्या. सुती कपडे, पंजाबी ड्रेस, ओढणी काही नको. भिजून जड होतं आणि पायात गुंततं. टोपी, चष्मा लागेल. चष्मा दुकानात डोळ्यांवर नुसता दाबून बघा, पट्टा न लावता क्षणभर चिकटून राहिला तर मापाचा. नाकाची चिमटी घेऊ नका, तिची सवय लागते. पाण्यात नाकाने हळूहळू हवा सोडत राहिलात तर पाणी आत शिरत नाही, गुणगुणल्यासारखं करायचं. कानाचा त्रास किंवा रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारून या. आणि उपाशी येऊ नका, भरपेटही नको.

गल्लीबोळ
गुणगुणायचं ते नाट्यगीत चालेल का? सांगली आहे म्हणून विचारतो.

पाण्यातली_बाई
चालेल. तान घेऊ नका, पाणी जाईल.

तासगावचा_बागवान
गोगल चिकटवून बघायची ही युक्ती फवारणीच्या गोगलला चालंल का? आमचे सगळे ढिले पडत्यात, औषध डोळ्यात उडतं.

पाण्यातली_बाई
फवारणीचे वेगळे असतात दादा, बाजूने पूर्ण बंद. पोहण्याचे वापरू नका, वाफ धरते आणि दिसेनासं होतं.

कंदीपेढा
साताऱ्यात बायकांसाठी अशी वेगळी शिकाऊ बॅच कुठे आहे का? हिला दाखवला हा धागा, आता रोज विचारतेय. माहिती असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. माझं नाव सुचवू नका, मी घाटातच ठीक आहे.